गणितं बरोबर, पण फार हळू: ‘रॅन’ चाचणीचा निकाल कसा वाचायचा आणि पुढे काय करायचं

प्रश्न असा आहे: मुलगी तिसरीत, सेमी-इंग्रजी शाळेत. बेरीज, वजाबाकी, छोटे गुणाकार बरोबर येतात, पण दहा उदाहरणांना पाऊण तास लागतो. शाळेच्या समुपदेशकांनी एका कागदावरचे रंग, चित्रं आणि अंक भराभर म्हणायला लावले आणि ‘नेमिंग स्पीड (नामोच्चाराचा वेग) कमी आहे’ असं सांगितलं. याचा गणिताशी काय संबंध? आणि तोच कागद घरी रोज म्हणून घेतला तर गणिताचा वेग वाढेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी कागद म्हणून घेणं सुरू होतं. नाही, वाढणार नाही. तो कागद बाजूला ठेवा. संबंध मात्र खरा आहे, आणि तो गणिताच्या नेमक्या कुठल्या भागाशी आहे हे समजलं तर रोजची सात-आठ मिनिटं योग्य जागी लागतील.

चाचणीचं नाव रॅपिड ऑटोमेटाइज्ड नेमिंग, थोडक्यात रॅन. अमेरिकेत मार्था डेंक्ला आणि रीटा रुडेल यांनी १९७०च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. पाच खुणा, प्रत्येक दहा वेळा, दहा-दहाच्या पाच ओळी, एकूण पन्नास. मूल डावीकडून उजवीकडे त्यांची नावं घेत जातं आणि आपण सेकंद मोजतो. ती रुजली वाचनाच्या अभ्यासात, गणिताकडे लक्ष बरंच नंतर गेलं. दिसायला ती अगदी साधी आहे, पण प्रत्येक खुणेमागे अर्ध्या-एक सेकंदात बरंच काही घडतं: खूण पाहणं, ओळखणं, तिचं नाव स्मरणातून वर आणणं, तोंडाने उच्चारणं आणि तेवढ्यात नजर पुढच्या खुणेवर नेणं. ७ + ८ दिसताच ‘पंधरा’ तोंडात येणं हीसुद्धा साठवलेला शब्द खुणेवरून वर आणण्याचीच क्रिया आहे. ज्या मुलाला ‘हात’, ‘घर’, ‘निळा’ हे शब्द वर आणायलाच क्षणभर जास्त लागतो, त्याला ‘पंधरा’ आणायलाही तो लागतो.

फिनलंडच्या तुइरे कोपोनेन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. रॅन आणि गणित यांच्यातला सरासरी सहसंबंध सुमारे ०.३७ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सगळ्या गणितात सारखा नव्हता. एकअंकी आकडेमोडीशी तो जास्त होता, बहुअंकी आकडेमोडीशी कमी. ठरावीक वेळात किती उदाहरणं होतात याच्याशी जास्त होता, उत्तरं बरोबर येतात का याच्याशी कमी. तुमच्या मुलीचं वर्णन, म्हणजे बरोबर पण हळू, याच चौकटीत बसतं.

०.३७ चा अर्थ नीट घ्यायला हवा. त्याचा वर्ग केला तर ०.१४ च्या आसपास येतो, म्हणजे मुलामुलांतल्या गणिताच्या फरकापैकी साधारण चौदा टक्के भाग नामोच्चाराच्या वेगाशी जुळतो. उरलेला सगळा इतरत्र आहे: कार्यस्मृती (माहिती क्षणभर मनात धरून वापरणं), संख्येची जाण, कसं शिकवलं गेलं, किती सराव झाला, भीती किती आहे. ‘नेमिंग स्पीड कमी, म्हणून गणित कच्चं राहणार’ असं एकट्या मुलाबद्दल कुणी सांगत असेल तर ते आकड्यांना धरून नाही.

आता वेग नेमका कुठे अडतो ते एका उदाहरणात पाहू. ३४ × ७ मांडलं आहे. पहिली पायरी, सात चोक. उत्तर थेट येत नाही, म्हणून मूल मनात सुरुवात करतं: सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस. आठ लिहिले, हातचे दोन. पुढे सात त्रिक हवं. पुन्हा सात एके सात पासून. एकवीसला पोहोचेपर्यंत हातचे दोन मनातून निसटलेले असतात, किंवा ते दोन धरून ठेवण्याच्या नादात पाढाच चुकतो. उत्तर २३८ ऐवजी २१८ येतं आणि वहीवर शेरा पडतो, ‘हातचा विसरते’. हातचा कसा घ्यायचा हे तिला पक्कं माहीत असतं. पाढ्यातली एकेक पायरी वर यायला जो वेळ गेला त्यात तो हरवला. पाढा ओळीने म्हणता येणं आणि पाढ्यातलं हवं ते एक उत्तर थेट काढता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. आपल्याकडे पहिल्यावर भरपूर मेहनत घेतली जाते. दुसरं आपोआप येईल असं धरून चालतात, आणि नामोच्चार हळू असलेल्या मुलांत ते आपोआप येत नाही.

शब्द वर येण्यावर मराठीत आणखी भार पडतो. दोन एकअंकी संख्यांची बेरीज अठरापर्यंत जाते, आणि अकरा ते अठरा या शब्दांत ‘दहा आणि किती’ हे कानाला उलगडत नाही. पुढे एकवीस ते नव्व्याण्णव या पट्ट्यात एकक आधी बोललं जातं, दशक नंतर. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणं ही चूक त्यातून येते. एकोणतीस ऐकून ३१ लिहिणारी मुलंही प्रत्येक वर्गात असतात, कारण ‘एक’ आणि ‘तीस’ दोन्ही कानावर पडतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं वाचन दिलं तेव्हा मोठा वाद झाला. भाषा म्हणून कुणाला काय वाटतं ते बाजूला ठेवू, पण उजळणीतली पायरी म्हणून ते उपयोगी आहे: मुलाने आधी ‘साठ तीन’ म्हणावं, मग ‘त्रेसष्ट’. दोन्ही म्हटल्यावरच लिहावं. एवढ्याने अंकांची उलटापालट बरीच कमी होते. मात्र दोन अंकी संख्या वाचायला लागणाऱ्या वेळावरून नामोच्चाराचा वेग ठरवू नका. तिथे शब्दांची अवघड रचनाही मोजली जाते.

त्यामुळे पहिली शंका चाचणीबद्दलच घ्यायची. ती कशी घेतली यावर निकाल बराच अवलंबून असतो. इंग्रजीतून आलेला कागद आणि त्यासोबतचे परदेशी वयोगटांचे सेकंद जसेच्या तसे वापरले असतील तर तो निकाल तिच्यावर लावता येत नाही. शब्दांची लांबी बदलते, तसा वेळही बदलतो. पुन्हा घ्यायची असेल तर अशी घ्यावी.

अंकांच्या कागदासाठी २, ४, ५, ७, ८ घ्या. दोन, चार, पाच, सात, आठ हे सगळे एका झटक्यात उच्चारले जातात, तर सहा आणि नऊ यांना दोन झटके लागतात. शिवाय देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांचं आरशातलं रूप दिसतात, १ आणि ९ लांबून सारखे वाटतात. अशा जोड्या ठेवल्या तर नामोच्चाराऐवजी ओळखण्यातला गोंधळ मोजला जातो. चित्रांसाठी घर, हात, फूल, गाय, बस. पान-झाड अशी गफलत होणारी चित्रं टाळा. रंगांत ‘निळा, निळी, निळं’ काहीही म्हटलं तरी बरोबर धरा. शेजारी शेजारी एकच खूण दोनदा येऊ देऊ नका. अक्षराचा आकार पहिलीच्या पुस्तकाएवढा तरी हवा आणि ओळींत मोकळी जागा.

सुरुवातीला पाच खुणांची एक सुटी ओळ दाखवून नावं विचारा. त्यातलं एकही नाव अडत असेल तर चाचणी घेऊच नका, कारण जे पाठच नाही त्याचा वेग मोजण्यात अर्थ नाही. मग पूर्ण कागद. ‘जमेल तितक्या लवकर, पण न चुकता’ एवढीच सूचना. पहिलं नाव उच्चारल्यापासून शेवटच्यापर्यंत वेळ मोजा, आणि फोनच्या स्टॉपवॉचमध्ये ‘लॅप’ दाबून प्रत्येक ओळीचा वेळ वेगळा घ्या. एकूण वेळ सगळे लिहितात, ओळीचा वेळ जवळपास कुणी लिहीत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. चुका आणि स्वतः दुरुस्त केलेल्या चुका दोन्ही टिपा. पन्नासात पाचहून जास्त चुका असतील तर सेकंदांकडे पाहू नका, दुसऱ्या दिवशी परत घ्या.

भाषा कुठली? मूल स्वतःशी मोजताना जी वापरतं ती. सेमी-इंग्रजीच्या मुलांत हा घोळ नेहमीचा आहे: शाळेत ‘सेव्हन फोर्स’, घरी ‘सात चोक’, आणि बोटं मोजताना मराठी. तिच्यासमोर मूठभर शेंगदाणे ठेवा आणि किती ते विचारा. ज्या भाषेत ओठ हलतील त्या भाषेत चाचणी घ्या. तोतरेपणा किंवा उच्चारदोष असलेल्या मुलांत रॅनचे सेकंद जवळजवळ निरुपयोगी असतात.

तुलना करायची ती तिच्याच वर्गातल्या, त्याच माध्यमातल्या आठ-दहा मुलांशी, त्याच कागदावर. शिक्षकांनी मनावर घेतलं तर मधल्या सुट्टीत दोन दिवसांत होतं. आणि एक चौथा कागद नक्की बनवा: ठिपक्यांचा. चौकटींत एक ते चार ठिपके, वेगवेगळ्या मांडणीत, दहाच्या चार ओळी. मुलाने किती ते म्हणायचं. चारपर्यंतचे ठिपके न मोजता एका नजरेत कळतात. पाचपासून मोजावं लागतं, म्हणून चारवर थांबायचं. हा कागद महत्त्वाचा का, तर कारिन लांडर्ल यांच्या गटाने आठ ते दहा वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की वाचनदोष (डिस्लेक्सिया) असलेली मुलं सगळ्याच प्रकारच्या खुणांना हळू होती, तर गणनदोष (डिस्कॅल्क्युलिया) असलेली मुलं खास करून राशींची नावं, म्हणजे समोर किती आहेत ते, सांगताना अडखळत होती. म्हणजे नुसतं ‘हळू’ एवढं पुरेसं नाही, कशाला हळू हे पाहायचं.

आता चारही कागद समोर ठेवून वाचा. सगळ्यांना वर्गापेक्षा स्पष्ट जास्त वेळ लागत असेल तर अडचण एकूणच शब्द वर आणण्याची आहे. वाचनाचाही वेग तपासा, कारण तिथे अडचण असण्याची शक्यता चांगलीच आहे. वाचनदोषासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली ‘डाली’ ही साधनं मराठीतही आहेत, प्रशिक्षित व्यक्तीकडून ती करून घ्या. रंग-चित्रं ठीक पण ठिपके हळू असतील तर गणिताची खरी काळजी इथे करायची. अशा मुलीला पाढ्यांचा सराव देण्याआधी राशींवर काम हवं: फाशाचे ठिपके, दहाची चौकट (दहा घरं, त्यांत ठिपके भरायचे), ‘पाच आणि दोन’ असं पाहताक्षणी सात ओळखणं. चित्रांपेक्षा अंकांना कमी वेळ लागायला हवा, तिसरीत तर तो फरक ठळक असतो. अंकांना चित्रांइतकाच किंवा जास्त वेळ लागत असेल तर अंकांची ओळखच अजून हातातली झालेली नाही, आणि दोन लिप्यांतले अंक एकाच वेळी शिकणाऱ्या मुलांत ते बऱ्याचदा दिसतं. पहिल्या दोन ओळी झपाट्यात आणि पुढच्या रेंगाळलेल्या असतील तर लक्ष टिकण्याचा प्रश्न आधी पाहावा. आणि चारही कागद ठीक, तरी गणित हळू? मग नामोच्चाराचा विषय संपला. बोटांवर मोजण्याची सवय, अपुरा सराव, चुकण्याची धास्ती यांत शोधा.

यात एक छोटी चाचणी फार उपयोगाची आहे, ती आजच करता येईल. कार्डांवर दहा एकअंकी बेरजा लिहा. पाचांची उत्तरं तोंडी विचारा. उरलेल्या पाचांसाठी प्रत्येकी चार उत्तरं छापलेली पट्टी द्या, तिने फक्त बोट ठेवायचं. बोट ठेवताना ती झटकन बरोबर असेल आणि तोंडी सांगताना अडत असेल, तर उत्तर तिला माहीत आहे, शब्द वर यायला वेळ लागतो. दोन्हीकडे सारखाच वेळ लागत असेल तर उत्तर अजून साठवलंच गेलेलं नाही आणि ती दरवेळी मोजते आहे. पहिल्या मुलीला वेळ आणि लेखी उत्तराची मुभा हवी, दुसरीला सराव. बहुतेक मुलांत दोन्ही थोडंथोडं निघतं.

रॅनचा कागद घोकून का उपयोग नाही? नेदरलँड्समध्ये द योंग आणि व्रीलिंक यांनी २००४ मध्ये पहिलीच्या मुलांना अक्षरांची नावं भराभर घेण्याचा सराव देऊन पाहिला. वेग जवळजवळ हलला नाही. घरी सेकंद कमी झालेले दिसतात ते त्या कागदाचा क्रम पाठ झाल्यामुळे. त्याचा एक तोटाही होतो: पुढे कुणी नीट चाचणी घ्यायला गेलं तर निकाल बिघडलेला मिळतो.

सराव द्यायचा तो थेट उत्तरांचा, आणि तो वाटतो त्याहून खूप लहान असतो. २ ते ९ मधल्या संख्यांच्या बेरजेच्या जोड्या ३६. त्यातल्या दुपटी (६+६) मुलांना लवकर येतात. दहा होणाऱ्या जोड्या (३+७) येतात. नऊ मिळवायचे तर दहा मिळवून एक काढायचा. शेजारच्या संख्या (६+७) म्हणजे दुप्पट अधिक एक. दोन मिळवणं मोजूनही झटकन होतं. एवढं वजा केलं की उरतात मोजून आठ: ३+५, ३+६, ३+८, ४+७, ४+८, ५+७, ५+८, ६+८. एवढ्या आठांवर खरी मेहनत. गुणाकारातही २ ते ९ च्या जोड्या ३६, बे आणि पाचाचे पाढे वगळले की २१, त्यातून ३×३, ७×७ असे वर्ग काढले की १५. मुलीला ‘पाढे पाठ कर’ सांगण्याऐवजी ‘ही पंधरा कार्डं’ असं सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावरच फरक दिसतो.

रोज दहा कार्डं: आठ येणारी, दोन नवी, फेटलेली. कार्ड दाखवा, तीन सेकंद थांबा. उत्तर आलं तर पुढे. नाही आलं तर लगेच तुम्ही सांगा, तिने पूर्ण वाक्य म्हणावं, ‘सात आठे छप्पन’, आणि ते कार्ड दोन कार्डांनंतर पुन्हा आणा. या सरावात बोटं मोजू द्यायची नाहीत आणि ‘आठव, आठव’ म्हणून ताणायचंही नाही. ताणलं की मूल अंदाजाने काहीतरी म्हणतं, आणि चुकीचं उत्तर दोन-तीनदा तोंडून गेलं की तेच बसतं. वेगवेगळ्या तीन दिवशी तीन सेकंदांत आलं की कार्ड ‘येतं’ या गठ्ठ्यात. रोज पाच ते सात मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. रविवारी एकदम तासभर बसवण्याने हे होत नाही. ७×८ आणि ६×९ (छप्पन, चोपन्न) अशी जवळच्या उच्चाराची उत्तरं एकाच आठवड्यात नवी म्हणून देऊ नका, ती एकमेकांत मिसळतात.

ज्यांचा नामोच्चार खरोखर हळू आहे त्यांची काही उत्तरं या सरावानंतरही थेट येत नाहीत. तिथे हट्ट सोडून टेकू द्या. ६×८ अडलं तर ‘आठ पाचे चाळीस’ आणि वर आठ, अठ्ठेचाळीस. ७×६ साठी ‘सात पाचा पस्तीस’ आणि सात, बेचाळीस. एकेपासून चढत येण्यापेक्षा पाचापासून पुढे जाणं निम्म्याहून कमी पायऱ्यांचं आहे. मोठे गुणाकार-भागाकार शिकताना पाढ्यांचा तक्ता समोर असू द्या. त्या दिवशी शिकायची आहे ती रीत. आणि हातचा मनात न ठेवता लगेच वर लिहायचा, हा नियम कधी मोडू देऊ नका.

शाळेत तीन गोष्टी मागा. उदाहरणांची संख्या कमी करा, अवघडपणा तोच ठेवा: पंचवीसऐवजी दहा. पाढ्यांच्या तोंडी शर्यतीत तिला उभं करू नका, तिथे नेमका तिचा कच्चा दुवा सगळ्या वर्गासमोर तपासला जातो. आणि वेळेच्या चाचणीत तिची तुलना तिच्याच मागच्या महिन्याशी करा. शाब्दिक उदाहरणं, भूमिती, मापन, आकृतिबंध यांत ती वर्गाच्या बरोबरीने किंवा पुढे असू शकते, तिथे तिला भरपूर वाव द्या. शिष्यवृत्ती परीक्षेचा विचार असेल तर लक्षात घ्या, तिथे एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. अशा मुलीने सगळे प्रश्न क्रमाने सोडवण्याच्या नादी न लागता आकडेमोड कमी असलेले आधी घेण्याची सवय आतापासूनच लावावी.

वर सांगितलेला सराव तीन-चार महिने नीट करूनही येणाऱ्या कार्डांचा गठ्ठा वाढत नसेल, किंवा ठिपक्यांचा कागद पहिल्यापासूनच अडत असेल, तर पूर्ण तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गणनदोषाचा समावेश विशिष्ट अध्ययन अक्षमतेत आहे. त्याच्या निदानासाठी बुद्धिमापन, वाचन-लेखन-गणिताच्या श्रेणीनुसार चाचण्या, दृष्टी-श्रवण तपासणी हे सगळं लागतं. रॅनचा एक कागद त्यासाठी पुरत नाही. जाताना तीन महिन्यांच्या नोंदी, कुठली कार्डं कधी आली आणि कुठली आली नाहीत, त्या वहीसकट न्या. तपासणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.